आलेख निघाला, विंडो कुठे गेली?

प्रोग्राम चालतो. चूक दाखवणारी एकही ओळ येत नाही. टर्मिनलवर कर्सर पुन्हा लुकलुकू लागतो, आणि ज्या आलेखासाठी एवढा खटाटोप केला तो कुठेच दिसत नाही. पायथनमध्ये आकडेमोड शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. आर, मॅटलॅब, ज्युलिया, सायलॅब किंवा ग्नूप्लॉट वापरणारेही त्यातून सुटत नाहीत. एखादी चूक तरी दाखवली असती तर शोधायला धागा मिळाला असता. इथे तक्रार कशाबद्दल करायची तेच कळत नाही, कारण संगणकाच्या लेखी सगळं काम बिनबोभाट पार पडलेलं असतं.

आणि बहुतेक वेळा संगणकाचं म्हणणं खरंही असतं. आलेख मेमरीत काढून झालेला असतो. स्वयंपाक तयार असतो, वाढायला कोणी उभं नसतं. आकड्यांवरून रेषा आणि ठिपके काढणं हे एक काम. ते पडद्यावर विंडो उघडून दाखवणं हे दुसरं. माणसाचं पाहून होईपर्यंत ती विंडो जिवंत ठेवणं हे तिसरं. ही कामं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेली सॉफ्टवेअर करतात आणि गडबड होते ती त्यांच्या सांध्यांवर. म्हणून ‘विंडो येत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली तरी तिच्यामागे चार-पाच निरनिराळे बिघाड असू शकतात. त्यातही पंचाईत अशी की एका बिघाडावरचा उपाय दुसऱ्या बिघाडात उलटा पडतो. मित्राने दिलेली एक ओळ प्रोग्रामच्या माथ्यावर चिकटवली आणि होता तो आलेखही दिसेनासा झाला, असं सर्रास घडतं.

सांधे इतके का, याचं उत्तर मॅटप्लॉटलिबच्या जन्मकथेत सापडतं. पायथनमध्ये आलेख काढायची ही सर्वांत रुळलेली लायब्ररी. जॉन हंटर हे मेंदूविज्ञानातले संशोधक शिकागोत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींचा अभ्यास करत होते. त्यांच्या गटाकडे त्यासाठी एक विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, पण परवाना एकच, आणि तोही संगणकाला जोडायच्या एका चावीच्या रूपात. गटातले सगळे त्या चावीसाठी पाळी लावायचे. हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्ये पर्याय उभा केला. मोठा प्रोग्राम लिहिताना मॅटलॅब अपुरं पडू लागल्यावर त्यांनी पायथन धरलं. २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब लोकांच्या हाती आली. मॅटलॅबची सवय असलेल्यांना ती परकी वाटू नये म्हणून आज्ञाही त्याच वळणाच्या ठेवल्या. हंटर २०१२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले.

त्यांना या एकाच लायब्ररीकडून तीन गोष्टी हव्या होत्या. एखाद्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात आलेख बसवता यावा. टर्मिनलवर ओळीओळीने आज्ञा देत आलेख फुलवता यावा. आणि शोधनिबंधात छापण्याच्या दर्जाचं चित्र थेट फाइलमध्ये उतरवता यावं. यातल्या शेवटच्या कामाला विंडो लागतच नाही. म्हणून रचनाच अशी झाली की आकृती म्हणजे काय हे एका थरात ठरतं आणि ती कशावर उमटवायची हे दुसऱ्या. या उमटवणाऱ्या थराला बॅकएंड म्हणतात. नुसती चित्रं काढणारा सर्वांत परिचित बॅकएंड म्हणजे एजीजी. मॅक्सिम शेमानारेव्ह यांच्या अँटी-ग्रेन जॉमेट्री या सी++ लायब्ररीवर तो उभा आहे. रेषा गुळगुळीत काढण्यात तो तरबेज, पण विंडो उघडणं त्याच्या कामातच बसत नाही. विंडो हवी असेल तर टीके, क्यूटी, जीटीके किंवा डब्ल्यूएक्स यांपैकी एखादं टूलकिट त्याच्या जोडीला लागतं. मॅकवर ॲपलच्या स्वतःच्या यंत्रणेवर चालणारा वेगळा बॅकएंड आहे.

रचना म्हणून हे शहाणपणाचंच होतं. तिच्यामुळेच एकच कोड लॅपटॉपवर विंडो उघडतो आणि रात्री सर्व्हरवर मुकाट्याने शंभर चित्रं साठवून ठेवतो. फक्त वापरणाऱ्याला आपण या दोन जगांपैकी कुठल्या जगात आहोत हे नेहमी ठाऊक असतंच असं नाही.

सर्वांत साध्या कारणापासून सुरुवात करू, कारण तेच सर्वाधिक आढळतं. आलेख दाखव असं सांगितलेलंच नसतं. मॅटलॅबमध्ये प्लॉट म्हटलं की विंडो समोर येते. मॅटप्लॉटलिबच्या स्क्रिप्टमध्ये प्लॉट म्हटल्यावर आकृती तयार होते, आणि शेवटी शो म्हटल्याशिवाय ती दिसत नाही. नोटबुकमध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याला हे माहीत असण्याचं कारण नसतं. ज्युपिटर नोटबुक आपल्या चौकटीतली आज्ञा संपली की उघड्या आकृत्या स्वतःहून खाली चिकटवतं. वर्षभर असा आयता आलेख पाहिलेला विद्यार्थी तोच कोड एका फाइलमध्ये उतरवतो, टर्मिनलवरून चालवतो आणि कोऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. ज्युलियातही हेच. संवादी टर्मिनलवर शेवटच्या ओळीचं फळ आपोआप दाखवलं जातं, फाइल चालवताना मात्र डिस्प्ले ही आज्ञा स्वतः द्यावी लागते.

आर भाषेतला प्रकार याहून खट्याळ आहे. जीजीप्लॉट किंवा लॅटिस वापरून काढलेला आलेख हा मुळात एक वस्तू असतो आणि ती वस्तू छापली की आलेख उमटतो. टर्मिनलवर नुसतं नाव टाइप केलं तरी आर ती छापतं, त्यामुळे हा आडपडदा कधी जाणवत नाही. पण तीच ओळ फॉर लूपमध्ये किंवा एखाद्या फंक्शनच्या पोटात गेली की आपोआप छापणं बंद होतं. लूप बारा वेळा फिरतो, बारा आलेख तयार होतात आणि एकही दिसत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: प्रिंट. ही अडचण इतकी जुनी आहे की आर भाषेच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत लॅटिसच्या नावाने तिला स्वतंत्र क्रमांक मिळालेला आहे, ७.२२. आरमधली आणखी एक चकवणारी गोष्ट म्हणजे उघडी राहिलेली फाइल. सकाळी कुणी आलेख पीएनजीत साठवायला घेतला आणि डेव्ह-ऑफ म्हणायला विसरला, तर त्यानंतरचे सगळे आलेख इमानेइतबारे त्या फाइलकडेच जात राहतात, पडद्याकडे एकही येत नाही. आणि आरची स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवली तर विंडोचा प्रश्नच उद्भवत नाही: आर गुपचूप ‘आरप्लॉट्स’ नावाची पीडीएफ चालू फोल्डरमध्ये ठेवून मोकळं होतं. कित्येकांच्या फोल्डरमध्ये ही फाइल महिनोन्‌महिने पडून असते आणि ती आली कुठून, हे मालकाला कळलेलं नसतं.

काही वेळा आलेख दिसतच असतो, फक्त आपण पाहतो तिथे नसतो. पायथनसाठीच्या स्पायडर या एडिटरने २०१९ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीत आलेखांसाठी वेगळा कप्पा केला आणि विंडोची वाट पाहणारे बुचकळ्यात पडले. स्वतंत्र विंडोच हवी असेल तर सेटिंगमध्ये ग्राफिक्सचा बॅकएंड ‘इनलाइन’वरून ‘ऑटोमॅटिक’ करावा लागतो. पायचार्म आणि आरस्टुडिओ यांनाही आलेख आपल्याच अंगणात ठेवायला आवडतं. मॅटलॅबमध्ये दुसरा मॉनिटर काढून घेतल्यावर विंडो त्या नसलेल्या मॉनिटरवरच उघडत राहते, असाही प्रकार होतो. तिला मूव्हजीयूआय या आज्ञेने पडद्याच्या मधोमध ओढून आणता येतं.

आता दुसरी तऱ्हा. विंडो येते, पण क्षणभर चमकून नाहीशी होते. किंवा येते, करडी पडते आणि ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी घेऊन बसते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तिचं नाव इव्हेंट लूप. विंडो हे एकदा काढून ठेवलेलं चित्र नव्हे. माउस हलला, दुसरी विंडो वरून सरकली, आकार बदलला, की ऑपरेटिंग सिस्टीम निरोप पाठवते आणि कुणाला तरी तो घेऊन विंडो पुन्हा रंगवावी लागते. निरोप घेत राहणाऱ्या त्या अखंड फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात. शो ही आज्ञा एरवी हा फेरा सुरू करते आणि विंडो बंद होईपर्यंत प्रोग्रामला तिथेच थोपवून धरते. कुणाला ते थांबणं नको असतं, म्हणून तो इंटरॅक्टिव्ह मोड सुरू करतो. मग शो थांबत नाही, स्क्रिप्ट शेवटच्या ओळीला पोहोचते, प्रोग्राम संपतो आणि त्याची विंडोही त्याच्याबरोबर जाते. याउलट प्रोग्राम दहा मिनिटांच्या आकडेमोडीत बुडाला असेल तर निरोप घ्यायला कोणी उरत नाही आणि विंडो करडी पडते. मध्येमध्ये पॉझ ही आज्ञा दिली की लूपला श्वास घ्यायला फुरसत मिळते.

तीच आज्ञा पायथनच्या टर्मिनलवर हाताने टाइप केली तर विंडो व्यवस्थित टिकते, आणि फाइलमधून चालवली तर उडून जाते. नवख्याचा गोंधळ इथे पूर्ण होतो. कारण असं की टर्मिनल माणसाच्या पुढच्या ओळीची वाट पाहत असताना त्या रिकाम्या वेळात इव्हेंट लूप फिरवून घेण्याची सोय पायथनमध्येच केलेली आहे. फाइल कुणाची वाट पाहत नाही.

ही कहाणी एकट्या पायथनची नाही. ग्नूप्लॉटची सुरुवात १९८६ ची, म्हणजे पायथनहून जुनी. त्यातही स्क्रिप्ट संपली की विंडो जाते, म्हणून ‘पर्सिस्ट’ नावाचा पर्याय द्यावा लागतो. डेबियनमध्ये ग्नूप्लॉटचं ‘नो-एक्स’ नावाचं एक पॅकेज आहे. ते बसवलं असेल तर काहीही केलं तरी विंडो येणार नाही, कारण विंडो उघडणारा भाग त्यात घातलेलाच नाही. सायलॅबही साध्या कमांड-लाइन रूपात चालवलं तर आलेखाची यंत्रणा बाहेर ठेवूनच सुरू होतं. चित्रांवर काम करणाऱ्या ओपनसीव्हीत आय-एम-शो म्हटल्यानंतर वेट-की म्हटलं नाही तर चित्र रंगतच नाही. वेट-की म्हणजे नुसती कळ दाबण्याची वाट पाहणं नव्हे, तिच्या पोटातच तो फेरा फिरत असतो. नावावरून हे कुणाच्या लक्षात येणार?

मग बॅकएंडचा भाग, आणि या विषयातला खरा वाद इथेच आहे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मॅटप्लॉटलिबची ३.० आवृत्ती आली. तोपर्यंत कुठलं टूलकिट वापरायचं हे लायब्ररी बांधतानाच किंवा सेटिंगच्या फाइलमध्ये ठरलेलं असायचं, आणि बऱ्याच ठिकाणी ते टीके असायचं. टीके नसेल किंवा पडदा नसेल तर प्रोग्राम जागच्या जागी कोसळायचा आणि ‘डिस्प्लेचं नाव नाही’ अशी तक्रार करायचा. सर्व्हरवर रात्री काम लावून झोपलेल्यांना सकाळी हे पाहून संताप यायचा, कारण त्यांना विंडो नकोच होती, फाइल हवी होती. ३.० पासून लायब्ररी स्वतः चाचपून पाहते. मॅकचा बॅकएंड, क्यूटी, जीटीके, टीके, डब्ल्यूएक्स असा क्रम लावते, जे मिळेल ते घेते आणि काहीच मिळालं नाही तर एजीजीवर येऊन थांबते. सर्व्हरवाल्यांचा प्रश्न सुटला. पण ज्याला विंडो हवी आहे आणि ज्याच्या संगणकावर टूलकिट नाही, त्याच्यासाठी कोसळणारा प्रोग्राम आता शांतपणे पुढे जाऊ लागला. शो म्हटल्यावर एजीजीला आकृती दाखवता येत नाही अशी सूचना येते खरी, पण इतर सूचनांच्या गर्दीत ती वाचतो कोण? प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल योग्यच होता, फक्त सूचनेचा आवाज फार बारीक राहिला. शो ही आज्ञा ज्याने मुद्दाम लिहिली आहे त्याला दाखवणं हवंच आहे, आणि ते जमत नसेल तर प्रोग्रामने तिथे थांबून तसं सांगायला हरकत नव्हती.

टूलकिट नसण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. उबुंटू आणि डेबियन पायथनबरोबर टीके देत नाहीत, त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. पायएन्व्हने पायथन स्वतःच्या संगणकावर बांधून घेणाऱ्याकडे बांधतेवेळी टीकेच्या विकास-फाइली नसतील तर पायथन बांधलं जातं, पण टीकेविना. बांधताना आलेली सूचना वर सरकून गेलेली असते आणि महिन्याभराने आलेख दिसत नाही तेव्हा त्या दिवसाशी संबंध कोण जोडणार? सगळ्यांत कमी कटकटीचा उपाय म्हणजे आपल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये क्यूटीचं पायथन पॅकेज (पाय-क्यूटी) पिपने बसवणं. त्याला सिस्टीममधल्या टीकेची गरज लागत नाही.

पण क्यूटीची स्वतःची दुखणी आहेत. लिनक्सवर क्यूटीच्या ६.५ आवृत्तीपासून एक्ससीबी-कर्सर नावाची छोटी लायब्ररी लागते, आणि ती नसेल तर ‘प्लॅटफॉर्म प्लगइन सापडला, पण लोड करता आला नाही’ असा कोड्यात टाकणारा संदेश येतो. असाच संदेश एका वेगळ्याच कारणानेही येतो. लिनक्सवरचं ओपनसीव्हीचं पिप पॅकेज स्वतःबरोबर क्यूटीचे तुकडे घेऊन येतं, आणि पाय-क्यूटीचे तुकडे व ते एकमेकांत अडकतात. चित्रप्रक्रियेच्या प्रोग्राममध्ये ओपनसीव्हीची विंडो वापरायचीच नसेल तर तिची ‘हेडलेस’, म्हणजे विंडोविना, आवृत्ती घ्यावी, भांडण मिटतं. मात्र दोन्ही आवृत्त्या एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवल्या तर त्या एकाच फोल्डरवर एकमेकींच्या फाइली लिहितात, आणि मग कोऱ्या पाटीने सुरुवात करणं हाच मार्ग उरतो.

इथेच ती प्रसिद्ध एक ओळ येते. बॅकएंड एजीजी करा, असा सल्ला सर्व्हरवर कोसळणाऱ्या प्रोग्रामसाठी अचूक आहे. तोच सल्ला लॅपटॉपवर विंडो न दिसणाऱ्याने पाळला तर विंडोची उरलीसुरली शक्यताही संपते. उलट बाजूने, पडदा नसलेल्या यंत्रावर टीके लादलं तर लायब्ररी सरळ नकार देते आणि यंत्र ‘हेडलेस’ आहे असं स्पष्ट बजावते. हा तरी प्रामाणिक नकार झाला. दुसऱ्याच्या कोडमध्ये विंडो दिसत नसेल तर सर्वांत आधी ‘एजीजी’ हे नाव कुठे लिहिलेलं आहे का ते शोधावं, कोडमध्ये, सेटिंगच्या फाइलमध्ये आणि एमपीएल-बॅकएंड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येही.

पडदा नसलेलं यंत्र म्हणजे काय, हे समजून घ्यायला लिनक्सच्या जगात थोडं मागे जावं लागतं. एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. त्या काळी आकडेमोड करणारं यंत्र एका खोलीत आणि पडदा दुसऱ्या खोलीत असणं नेहमीचं होतं. त्यामुळे एक्समध्ये प्रोग्राम कुठेही चालो, तो जाळ्यातून पडद्याच्या यंत्राला ‘रेघ काढ’ असे निरोप पाठवतो. पडदा कुठला, हे डिस्प्ले नावाच्या व्हेरिएबलमध्ये लिहिलेलं असतं. ते रिकामं असेल तर प्रोग्रामच्या दृष्टीने जगात पडदाच नाही. एसएसएचने दूरच्या यंत्रात शिरताना मोठा एक्स किंवा मोठा वाय हा पर्याय दिला तर एसएसएच स्वतः एक बोगदा तयार करून ते व्हेरिएबल भरतं. त्यासाठी तिकडच्या यंत्रावर हा बोगदा चालू ठेवलेला हवा (ओपनएसएसएचमध्ये तो मुळात बंद असतो) आणि तिकडे एक्स-ऑथ हा छोटा प्रोग्रामही हवा. इकडे विंडोज किंवा मॅक असेल तर एक्स सर्व्हर वेगळा बसवावा लागतो. ॲपलने तो २०१२ पासून सिस्टीमबरोबर देणं बंद केलं, आता एक्सक्वार्ट्झ स्वतः उतरवावा लागतो. मोठ्या एक्सने दिलेली परवानगी वीस मिनिटांनी संपते, हे तर अनेक मुरलेल्यांनाही माहीत नसतं: पहिल्या विंडो छान उघडतात, चहा घेऊन परत आल्यावर नवी विंडो नाकारली जाते आणि माणूस आपल्याच कोडवर संशय घेऊ लागतो. उबुंटूसारख्या काही ठिकाणी दोन्ही पर्याय सारखेच वागतात, त्यामुळे तिथे हे घडत नाही, आणि गोंधळ आणखी वाढतो. टर्मिनलचं सत्र टिकवून ठेवणाऱ्या टीमक्सची तऱ्हा आणखी निराळी. काल सुरू केलेल्या टीमक्सच्या सत्रात कालचाच डिस्प्ले लिहिलेला असतो, आज तो बोगदा अस्तित्वातच नसतो.

पुण्यात हा प्रश्न रोजचा आहे. सीडॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तेव्हापासून या शहरात मोठ्या संगणकांवर दुरून काम करणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. आज आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर काम रांगेत लावलं जातं आणि ते कंप्यूट नोडवर जाऊन चालतं. त्या नोडला ना पडदा, ना पाहणारा. तिथे शो लिहिणं निरर्थक असतं, आलेख फाइलमध्ये साठवायचा आणि नंतर उतरवून घ्यायचा. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं कासा या सॉफ्टवेअरने हाताळणाऱ्यांना प्लॉट-एमएस या साधनासाठी मात्र खराखुरा डिस्प्ले लागतो, कारण त्याच्यात माउसने खराब आकडे निवडून बाजूला काढायचे असतात. मुंबईत आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेली मायावी ही त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी याच कात्रीत सापडते. तिच्यात पडद्यामागे चित्र काढण्याची सोय आहे, आणि पडदा नसलेल्या लिनक्स यंत्रावर एक्सव्हीएफबी नावाचा खोटा पडदा उभा करून ती चालवता येते. प्रोग्रामला पडदा मिळाल्याचं समाधान, आणि पाहायला कुणीच नाही!

विंडोजच्या पोटात लिनक्स चालवणाऱ्यांसाठी २०२१ हे वर्ष महत्त्वाचं ठरलं. तोवर डब्ल्यूएसएलमध्ये पडदाच नव्हता, लोक विंडोजवर एखादा एक्स सर्व्हर बसवून डिस्प्लेचा आकडा हाताने भरत. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसएलजी आणल्यावर लिनक्सच्या विंडो विंडोजमध्ये आपोआप उघडू लागल्या. आता गंमत उलटी आहे. जुन्या मार्गदर्शनावरून सेटिंगमध्ये भरून ठेवलेला तोच डिस्प्लेचा आकडा नव्या यंत्रणेच्या आड येतो. तो पुसला की आलेख दिसतो.

मॅकवरची दुखणी थोडक्यात सांगता येतील. जुन्या आवृत्त्यांत पायथन ‘फ्रेमवर्क’ म्हणून बसवलेलं नसेल तर मॅकचा बॅकएंड चालायचा नाही, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरणाऱ्यांना हा फटका हमखास बसायचा. तो प्रश्न आता बराच मागे पडला आहे. राहिलेला नियम मात्र पक्का आहे: मॅकवर विंडो फक्त मुख्य थ्रेडवरूनच उघडता येते. बाजूच्या थ्रेडमध्ये आलेख काढला तर विंडो नुसती न येण्यावर भागत नाही, प्रोग्रामच कोसळतो.

कारणं इतकी असताना शोधायचं कसं? क्रम कामाचा ठरतो. आधी आकृती फाइलमध्ये साठवून पाहावी. फाइल उघडली आणि आलेख ठीक निघाला तर काढण्यात खोट नाही, दाखवण्यात आहे, आणि अर्धा प्रदेश एका फटक्यात बाजूला पडला. यात एक सापळा आहे. साठवण्याची आज्ञा शोच्या आधी द्यावी लागते. शोनंतर दिली तर विंडो बंद होताना आकृतीही गेलेली असते, लायब्ररी नवी कोरी आकृती तयार करते आणि तीच साठवते. पांढरी फाइल पाहून माणूस आकड्यांत चूक शोधत बसतो. त्यानंतर लायब्ररीलाच विचारावं की सध्या तुझा बॅकएंड कोणता. उत्तर एजीजी असेल तर टूलकिट किंवा पडदा नाही, नाहीतर कुणी एजीजी हाताने लिहून ठेवलेलं आहे. टीके किंवा क्यूटी असेल तर संशय इव्हेंट लूपवर. दूरच्या यंत्रावर असाल तर डिस्प्ले छापून पाहावा. पाच मिनिटांचं हे काम लोक टाळतात आणि त्याऐवजी पायथन पुन्हा बसवतात, ही या विषयातली सर्वांत महागडी सवय आहे.

नोटबुकचं जग या सगळ्यातून सुटलं असं एक काळ वाटत होतं. तिथे विंडो नाही, आलेख ब्राउझरमध्ये दिसतो. पण नुसत्या चित्रावर झूम करता येत नाही म्हणून ‘मॅटप्लॉटलिब नोटबुक’ हा हलता-फिरता बॅकएंड आला. ज्युपिटरलॅबमध्ये तो कधी चाललाच नाही, आणि २०२३ मध्ये ज्युपिटर नोटबुकची सातवी आवृत्ती लॅबच्याच पायावर उभी राहिली तेव्हा तिथेही तो बंद पडला. जुन्या पाठांत ती ओळ अजून आहे. चालवली की आलेखाऐवजी जावास्क्रिप्टची चूक येते. आता त्याऐवजी आयपीवायएमपीएल हे पॅकेज बसवून ‘विजेट’ म्हणावं लागतं. कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आवृत्त्यांची अशी सरमिसळ नेहमीचीच असते. शिकवणाऱ्याने पाठ सांगण्याआधी वर्गातली आवृत्ती कोणती हे पाहिलेलं बरं. गुगल कोलॅबवर ओपनसीव्हीचं आय-एम-शो मुद्दाम बंद केलेलं आहे, कारण ते सत्राचं सत्र पाडत असे. त्याच्या जागी कोलॅबची स्वतःची पर्यायी आज्ञा वापरावी लागते.

प्लॉटली, बोके यांसारख्या नव्या लायब्रऱ्यांनी विंडोचा नाद सोडला आणि थेट वेबपान तयार केलं. टूलकिट नको, एक्स नको. तरीही दूरच्या यंत्रावर प्लॉटलीची स्क्रिप्ट चालवून शो म्हटलं की पुन्हा कोरी शांतता. प्लॉटली त्या यंत्रावर एकदाच वापरायचा छोटा वेब सर्व्हर उघडते आणि तिथल्याच ब्राउझरला पान दाखवायला सांगते. तिथे ब्राउझर नसतो, आणि त्या पानाचा पत्ता फक्त त्या यंत्रापुरताच खरा असतो. अशा वेळी आलेख एचटीएमएल फाइलमध्ये लिहून ती स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी, नाहीतर काम त्याच यंत्रावरच्या नोटबुकमध्ये करावं आणि एसएसएचने नोटबुकचा पोर्ट आपल्याकडे ओढून आणावा.